कुंभारणीचं नाव

घोड आणि भीमेच्या काठी वसलेल्या शिरूर-दौंडच्या शिवारात विहिरीवरच्या मोटारीची स्टार्टर पेटी उघडली, की कोपऱ्यात हमखास मातीचा एक गोळा चिकटलेला दिसतो. घराच्या तुळईला, दाराच्या चौकटीला, देवळीतही तो असतो. तो पाहून माणसं म्हणतात, ‘कुंभारणीनं घर केलंय.’

या कुंभारीण माशीचं एक शास्त्रीय नावही आहे. काळ्या अंगाची, पिवळ्या खुणांची, सुतासारख्या बारीक कमरेची जी कुंभारीण आपल्याकडं नेहमी दिसते, ती स्केलिफ्रॉन मद्रासपटानम. स्केलिफ्रॉन हा शब्द ग्रीक आहे. त्याचा अर्थ कृश, वाळलेली. मद्रासपटानम म्हणजे मद्रासपट्टणम, आजचं चेन्नई. फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञानं १७८१ मध्ये यातलं मद्रासपटानम हे नाव दिलं. पूर्ण नावातून तिची कंबर कळते आणि एक गाव कळतं. ती काय करते, ते कळत नाही. ते आपल्या मराठी नावात आहे. आणि ते नाव स्त्रीलिंगी आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. कारण माती आणणारी, घर बांधणारी, भक्ष्य पकडणारी फक्त मादीच असते. नराला तर नांगीही नसते. नांगी हे अंडी घालण्याच्या अवयवाचंच बदललेलं रूप आहे.

उसाला पाणी सुटलं, की पाटाच्या कडेला तिला बघावं. ओल्या मातीची गोळी करून ती जबड्यात धरते आणि उडते. घराशी पोचली, की माती थापताना तिचा बारीक गुणगुणाट ऐकू येतो. उडण्याचे स्नायू थरथरवून ती चिखल सैल करते, म्हणजे तो नीट पसरतो. एक खोली झाली, की कोळी शोधायला निघते. नांगीच्या विषानं कोळी लुळा पडतो, पण लगेच मरत नाही, त्यामुळं कुजत नाही. असे दहा-पंधरा कोळी भरून, त्यांतल्या एकावर अंडं घालून ती खोलीचं तोंड लिंपून टाकते. कुंभारीणच म्हटली जाणारी दुसरी एक माशी चक्क गाडग्यासारखी घरं करते आणि त्यांत अळ्या भरते. तिचं अंडं गाडग्याच्या छताला बारीक धाग्यानं टांगलेलं असतं, खालच्या अळ्यांच्या वळवळीपासून दूर.

कुंभारीण अळी आणते, तिच्याभोवती गुणगुणत राहते आणि त्या ध्यासानं अळीचीच कुंभारीण होते, असं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. कीटभृंग न्याय तो हाच. सांगणाऱ्यांनी पाहिलेलं सगळं खरं होतं: अळी आत गेली, गुणगुण ऐकू आली, काही दिवसांनी बाहेर कुंभारीणच आली. बंद खोलीत अंड्यातून निघालेलं पिल्लू ती अळी खाऊन वाढतं आणि कोशात जातं, एवढा मधला भाग मातीआड राहिला. गुरुशिष्याचं नातं समजावायला संतांनी हा दाखला घेतला. त्याची गोडी खरी कथा कळल्यानं कमी होते, असं मला वाटत नाही.

दौंडकडच्या गुऱ्हाळांवर काकवीपाशी घोंगावते ती गांधीलमाशी वेगळी. ती लाकूड चावून त्याच्या लगद्याचं कागदासारखं पोळं करते आणि घोळक्यानं राहते. पोळ्याला धक्का लागला, की सगळ्या तुटून पडतात. अंगावर लाल चट्टे उठतात, त्यांना आपण ‘गांधी उठल्या’ म्हणतो. मला तरी तिच्या नावात तीच आग ऐकू येते. कुंभारीण मात्र एकटी राहते, घरावर पहारा करत नाही आणि हातात धरल्याशिवाय सहसा डंख मारत नाही. गांधीलमाशीच्या भीतीनं तिचं घर फोडणं हा तिच्यावर अन्याय आहे.

मेन स्विच बंद करून पेटी साफ कराल, तेव्हा मातीच्या गोळ्याकडं एकदा नीट बघा. गोल भोकं पडलेली असतील, तर पिल्लं उडून गेली आहेत. खुशाल खरवडून काढा. खोल्या बंद असतील, तर आत अजून कुणीतरी वाढतंय. थोडे दिवस थांबा.