वाशीमच्या हिशोबात ७०.३

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, सलग. भारतातली पहिली आयर्नमॅन ७०.३ स्पर्धा २०१९च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात, मिरामार किनाऱ्यावर झाली. अंतर १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं. तिन्ही मिळून ७०.३ मैल, म्हणून हे नाव. वाशीमच्या हिशोबात सांगायचं तर सायकलवर हिंगोलीला जाऊन परत यायचं आणि लगेच आपल्या जिल्ह्यातल्या मालेगावपर्यंत धावायचं. तेही आधी पोहून!

पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट. अभिनेता मिलिंद सोमणने २०१५मध्ये, पन्नाशी अवघ्या काही महिन्यांवर असताना, झ्युरिकला तो पूर्ण केला: १५ तास १९ मिनिटं.

गोव्यात घाम छळतो, थंड देशांत गारठा. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी पटीने वेगात ओढून घेतं, म्हणून गार पाण्यात वेटसूट लागतो. खरी फजिती मात्र काठावर. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा नियम; आणि बधिर बोटांना ती चिमुकली क्लिप काही केल्या लागत नाही.

मग वारा. ताशी ३० किलोमीटरने चाललेल्या स्वाराला समोरून २० चा वारा आला, तर अंगावर ५०चा झोत बसतो. पुढच्याच्या आडोशाला लपावं, तर हौशी गटात ड्राफ्टिंगला बंदी. आयर्नमॅनमध्ये १२ मीटर अंतर राखावं लागतं. अशा वेळी पहिलटकराने वेगाकडे बघूच नये. हलका गिअर टाकावा, कोपरं आत घ्यावीत, पाय फिरते ठेवावेत. गारठ्यात तहान लागत नाही, तरी दर पंधरा मिनिटांनी घोटभर पाणी प्यावं.

सरावाला डिसेंबरातली वाशीमची पहाट आहेच!