हात हलण्याआधी कंबर जागी होते

फडताळावरचा डबा काढायला हात वर न्या. हात प्रत्यक्ष हलण्याच्या आधीच पोटाच्या अगदी आतला, कमरेला आडवा वेढा घालणारा एक स्नायू आवळला गेलेला असतो. आपल्याला त्याची कल्पनाही नसते. १९९६ साली ऑस्ट्रेलियात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी ही वेळ मोजली. हात पुढे जावो, मागे जावो की बाजूला, निरोगी माणसांत धडाच्या स्नायूंपैकी हाच पहिला जागा व्हायचा. कंबरदुखी असलेल्यांत मात्र तो उशिरा यायचा. उशीर सेकंदाच्या लहानशा अंशाचा, पण तेवढ्यात हात निघून गेलेला असतो.

आता वॉर्डातल्या सिस्टरकडे पाहा. खाली घसरलेल्या पेशंटला उशीकडे वर सरकवायचं आहे. निर्जीव ओझं निदान एका जागी तरी राहतं. पेशंट मध्येच घाबरून गळ्यात हात टाकतो, नाहीतर गुडघ्यातून ढिला पडून सगळा भार सोडून देतो. कंबर एका वजनासाठी सज्ज झालेली असते आणि वाट्याला भलतंच येतं. शिवाय हे काम एका ड्युटीत पुन्हा पुन्हा करायचं. अमेरिकेतले संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली पेशंटला हातानं उचलण्यासाठी सुमारे १६ किलोंची मर्यादा सुचवली, तीही सगळं अनुकूल असताना. मोठा माणूस या हिशेबात बसतच नाही.

मणक्यांमधल्या चकत्यांवर काय गुदरतं, तेही मोजलं गेलं आहे. जर्मनीत हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेतल्या चकतीत चक्क दाबमापक बसवला. निष्कर्ष १९९९ साली आले. नुसतं उभं राहिल्यावर दाब ०.५ मेगापास्कल. पाठ वाकवून २० किलो उचलले की २.३, मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या सुमारे दहापट! तेच वजन गुडघे वाकवून उचललं तर १.७ आणि अंगालगत धरलं तर १.१. वजन तेवढंच, माणूसही तोच. मला या आकड्यांचं नवल अजून ओसरलेलं नाही. प्रौढ माणसाच्या चकतीच्या गाभ्यात रक्तवाहिन्याही नसतात. पोषण आजूबाजूनं झिरपत येतं. दिवसभराच्या भारानं चकत्यांतलं पाणी निघतं, म्हणून संध्याकाळी आपण सकाळपेक्षा थोडे बुटके असतो, आणि रात्री आडवे झालो की पाणी परततं. नाइट ड्युटीत ही आडवं होण्याची वेळच उभं राहून जाते.

मग उपाय काय? पाठीचे स्नायू बळकट करा, हा सल्ला सगळेच देतात. डेन्मार्कमध्ये मार्कुस याकोबसेन आणि सहकाऱ्यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला: व्यायाम कुठे करायचा? तीन रुग्णालयांतल्या १८ विभागांमधल्या २०० महिला कर्मचाऱ्यांचे दोन गट झाले. दोघांनाही आठवड्यातून पाच वेळा, दहा-दहा मिनिटं व्यायाम. पेशंट उचलण्याचं मार्गदर्शनही दोघांना. एका गटानं व्यायाम ड्युटीच्या वेळेत, सहकाऱ्यांसोबत करायचा. रबरी पट्टे, मोठे फुगीर चेंडू आणि मूठ असलेले लोखंडी गोळे घेऊन. दुसऱ्यानं घरी, फावल्या वेळात.

दहा आठवड्यांनी, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, कामावरच्या गटात दुखणं जास्त कमी झालेलं होतं, पाठीची ताकद वाढलेली होती, वेदनाशामक गोळ्या घेण्याचे दिवसही घटले होते. दुखण्यातला फरक दहापैकी ०.७ गुणांचा, म्हणजे माफक. पण खरी गंमत पुढे आहे. ठरलेले पाच दिवस दोन्ही गटांना सरासरीनं पाळता आले नाहीत. कामावर सरासरी आठवड्याला २.२ वेळा व्यायाम झाला, घरी एकदाच. म्हणजे आठवड्याला वीस-बावीस मिनिटांत हा फरक पडला होता! कामावरच्या गटाला प्रोत्साहनाची काही सत्रंही मिळाली होती, त्यामुळे सगळं श्रेय जागेला देता येणार नाही. तरी दिवसभर उचल-ठेव करून घरी पोचलेल्या बाईला स्वयंपाकघर, मुलं, म्हातारी माणसं यांतून पट्टा हातात घ्यायला कोण सांगणार? ड्युटीवर शेजारची सिस्टर हाक मारते आणि ती उठते. त्या दहा मिनिटांत पेशंटची घंटा वाजली तर धावायला दुसरं कोणीतरी हवं. ते माणूस नेमणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे, सिस्टरची नव्हे.