ताशी २० चा फरक, ताशी ६९ ची धडक

आजचा एपिसोड वर्गसमीकरणाबद्दल आहे. थांबा, लगेच बंद करू नका! दहावीत आपण सगळ्यांनी सूत्र पाठ केलं, मार्क घेतले आणि विसरलो. मीही विसरलो होतो. मागच्या पावसाळ्यात ते परत आठवलं.

मी गाडी चालवत होतो, शेजारी बाबा. वळण संपलं आणि समोर आमच्याच लेनमध्ये बंद पडलेला टेम्पो. करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा मध्ये जेमतेम दोन हात जागा होती. बाबा थोड्या वेळाने एवढंच म्हणाले, "अजून वीसने पळवत असतास तर?"

घरी येऊन मी हिशोब मांडला.

जर्मनीत ड्रायव्हिंग शिकवताना एक सोपा नियम सांगतात. ताशी किलोमीटरमधल्या वेगाला 'व' म्हणू. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी ३व/१० मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक दाबला तर थांबायला आणखी व²/२०० मीटर लागतात. म्हणजे:

अंतर = व²/२०० + ३व/१०

५० च्या वेगाला १२.५ अधिक १५, म्हणजे २७.५ मीटर. १०० च्या वेगाला ५० अधिक ३०, म्हणजे ८० मीटर. वेग दुप्पट झाला, पण ब्रेकचं अंतर चौपट! हा वर्ग येतो कुठून? गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि ब्रेक मात्र दर मीटरला ठरावीकच ऊर्जा खाऊ शकतो.

आता आलेख काढू. आडव्या अक्षावर वेग, उभ्या अक्षावर अंतर. वर उघडणारा अन्वस्त मिळतो. त्याचा शिरोबिंदू (−३०, −४.५) इथे आहे. उणे वेगाचा इथे काही उपयोग नाही, आपण फक्त शून्याच्या उजवीकडचा चढ बघायचा. गंमत अशी, की व² चा सहगुणक वक्राचा आकार ठरवतो. समजा ओल्या रस्त्यावर ब्रेकची पकड निम्मी झाली, तर १/२०० चं १/१०० होतं आणि वक्र अरुंद, जास्त उभा होतो. दुसरं पद आकाराला हात लावत नाही, ते फक्त वक्र सरकवतं. मोबाइलकडे बघताना तुमचा आणखी एक सेकंद गेला, तर शिरोबिंदू (−६०, −१८) वर जातो, आणि १०० च्या वेगाला ८० चे ११० मीटर होतात.

आता बाबांचा प्रश्न. दोन गाड्या शेजारी शेजारी आहेत, एक ८० वर, दुसरी १०० वर. दोघांना टेम्पो एकाच क्षणी दिसला. पहिली २४ मीटर तशीच जाते, मग ३२ मीटर ब्रेक, ५६ मीटरवर थांबते. दुसरीचे ३० मीटर प्रतिक्रियेतच गेले. ५६ मीटरपर्यंत ब्रेकला उरले फक्त २६. ब्रेकच्या दर मीटरला वेगाच्या वर्गातून २०० वजा होतात. १०,००० वजा ५,२०० म्हणजे ४,८००, त्याचं वर्गमूळ साधारण ६९. पहिली गाडी जिथे उभी आहे, तिथे दुसरी अजून ताशी ६९ ने चालली आहे! हे उत्तर बघून मी पेन खाली ठेवलं.

आता उलटं विचारू. धुक्यात ८० मीटरपर्यंतच दिसतंय, तर किती वेग चालेल? सूत्रात ८० घाला: व² + ६०व − १६,००० = ०. अवयव (व − १००)(व + १६०). उणे मूळ सोडून द्या, उत्तर १००. पण रस्ता ओला असेल तर समीकरण होतं व² + ३०व − ८,००० = ०, आणि उत्तर येतं ७५ च्या आसपास. शाळेत 'मुळे काढा' म्हणायचे, तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की मूळ म्हणजे आपली वेगमर्यादाही असू शकते.

हे आकडे चांगल्या टायरचे, सपाट रस्त्याचे आणि पूर्ण ब्रेकचे आहेत. उतारावर किंवा झिजलेल्या टायरवर यात भरच पडते.

यावेळचा गृहपाठ: तुमच्या नेहमीच्या वेगाचं अंतर काढा आणि तेवढे मीटर रस्त्यावर चालून बघा. मी चाललो. आता बाबांना "हळू घे" म्हणावं लागत नाही. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!