पुसलेली सीडी खरंच कोरी होते का?

रमजान जवळ आला की आमच्या गोंदियाच्या घरात सफाई सुरू होते. यंदा कपाटावरच्या बिस्किटाच्या डब्यात जुन्या सीडी सापडल्या. आपाचा निकाह, आमगावच्या मामूंकडचा अकीका, असे बरेच काही. अम्मी म्हणाल्या, "जुना कॉम्प्युटर चालतो तोवर सगळं पुसा आणि कबाडीवाल्याला देऊन टाका."

आम्ही एक सीडी लावली, फोटो निवडले, डिलीट केले. सीडी रिकामी दिसू लागली. तेवढ्यात भाचा आला. त्याने फाइल परत मिळवणारा प्रोग्राम चालवला आणि थोड्याच वेळात आपाच्या मेहंदीच्या रात्रीचे फोटो पडद्यावर हजर! त्यात आमच्याच नव्हे, शेजारपाजारच्या लेकीसुनाही होत्या. घरातल्या घरात, बिनाओढणीच्या. दुसऱ्याच्या घरची ही अमानत आम्ही कबाडात टाकायला निघालो होतो.

त्या सीडीवर फक्त 'आर' लिहिले होते. तिच्यातल्या रंगाच्या थरावर लेसरने एकदा उमटवलेले मिटत नाही. डिलीट केल्यावर यादीतले नाव तेवढे जाते, फोटो जागेवरच राहतो. 'आरडब्ल्यू' सीडी वेगळी. १९९७च्या सुमारास बाजारात आलेल्या या सीडीत चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या मिश्रणाचा थर असतो. लिहिताना लेसर त्याचे ठिपके वितळवतो, ते झटकन थंड होतात आणि त्यांची चकाकी जाते. पुसताना सुमारे २०० अंशांची बेताची उष्णता दिली की थर पुन्हा चकाकतो. असे साधारण हजार वेळा करता येते.

पण इथेही एक गोम आहे. सीडी लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये 'क्विक' आणि 'फुल' असे दोन प्रकारचे इरेज असतात. क्विक एक-दोन मिनिटांत आटोपते, कारण ते सुरुवातीची अनुक्रमणिकाच पुसते. मजकूर तसाच राहतो आणि जाणकार तिथवर पोहोचू शकतो. सीडी घराबाहेर जाणार असेल तर फुलच करावे. चारपट वेगाने वीसेक मिनिटे लागतात. चहा होतो तेवढ्यात!

आमच्याकडे दोनच सीडी आरडब्ल्यू निघाल्या. एकीवर दादीजानच्या आवाजातली दुआ होती. पुसण्याआधी ऐकून पाहिले म्हणून कळले. ती आधी पेनड्राइव्हवर घेतली, आणि मग सीडी पुसायचे कुणाच्याच मनात आले नाही. दुसरी पुसताना मध्येच वीज गेली आणि सीडी उघडेनाशी झाली. वीज आल्यावर पुन्हा फुल इरेज केले, तेव्हा ठीक झाली.

बाकीच्या 'आर' सीडींना कात्रीच लावावी लागली. सीडीचा मजकूर छापील बाजूच्या अगदी खाली असतो, तो खरवडूनही जातो. डीव्हीडीत मात्र तो दोन चकत्यांच्या मध्ये असतो, तिथे खरवडण्याचा भरवसा नाही. कापताना जाड कापडात गुंडाळा, बारीक कपच्या डोळ्यांत उडतात. मुलांना दूर ठेवा.