सामाईक मसुदा आणि समासातील शेरे

जिल्हा परिषदेच्या शाळेची विकास योजना कोणा एकट्याने लिहावयाची नसते. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या कलम २२ अन्वये ती तयार करणे हे शाळा व्यवस्थापन समितीचे काम आहे. कागदी मसुदा हातोहात फिरतो तेव्हा प्रत्येक जण आपल्या प्रतीच्या समासात शेरे लिहितो आणि अखेरीस कोणत्या प्रतीवरील शेरा ग्राह्य धरावा, याचाच घोळ होतो. गूगल डॉक्ससारख्या साधनात मात्र सर्वांसमोर एकच प्रत असते व शेरेही तिच्याच समासात उमटतात.

याची रीत सोपी आहे. ज्या शब्दांविषयी शंका असेल तेवढेच निवडून त्यांवर टिप्पणी लिहावयाची. तिच्यासोबत लिहिणाराचे नाव व वेळ दिसते आणि इतरांची उत्तरे तिच्याखालीच येतात. या अवधीत मूळ मजकूर जसाच्या तसा राहतो. मत आणि मजकूर असे वेगळे राहिल्याने नवख्या शिक्षिकेलाही मुख्याध्यापकांच्या वाक्यावर निःसंकोचपणे शंका घेता येते.

समजा, मसुद्यात वाक्य आहे : ‘शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय आहे.’ त्यावर एका शिक्षिकेने शेरा लिहिला : ‘टाकी आहे, परंतु मार्चनंतर ती कोरडी असते.’ मुख्याध्यापकांनी उत्तर दिले : ‘खरे आहे.’ आणि ‘निराकरण झाले’ अशी खूण करून शेरा बंद केला. समास स्वच्छ झाला. वाक्य मात्र तसेच राहिले! योजनेत पाण्याची मागणी आलीच नाही आणि मुले उन्हाळ्यात तहानलेली राहिली. शेरा बंद करणे म्हणजे शंकेचे निरसन करणे नव्हे, हे येथे ध्यानी घ्यावे. सुदैवाने बंद केलेला शेरा नष्ट होत नाही. टिप्पण्यांच्या इतिहासात तो सापडतो व पुन्हा उघडता येतो.

यास्तव पुढील पथ्ये पाळावीत :

(१) शेरा नेमका असावा. ‘हे बरोबर नाही’ एवढ्याने भागत नाही. काय चुकले व काय हवे, हे लिहावे.

(२) मजकूर दुरुस्त केल्यावर, अथवा न करण्याचे कारण उत्तरात नमूद केल्यावरच शेरा बंद करावा. शक्यतो शेरा लिहिणारालाच तो बंद करू द्यावा.

(३) मसुदा ज्याच्या-त्याच्या ई-मेल पत्त्यावर खुला करावा. दुवा हाती पडेल त्या कोणासही तो खुला केल्यास शेरा कोणाचा, हे कळेलच असे नाही. अशा मसुद्यात विद्यार्थ्यांची व्यक्तिगत माहिती तर मुळीच नसावी.

समितीत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांतील सर्वांपाशी असा फोन असेलच असे नाही. म्हणून मसुदा व त्यावरील शेरे सभेत मोठ्याने वाचून दाखवावेत आणि पालक जे सांगतील ते त्यांच्या नावाने समासात नोंदवावे. टाकी केव्हा कोरडी पडते, हे घरी तहानलेले मूल परतते त्या मातेस आपल्याआधी ठाऊक असते.