कबड्डीतील अष्टपैलू खेळाडू : पारख व निवड

चढाई आणि पकड ही कबड्डीची दोन्ही अंगे सारख्याच जबाबदारीने सांभाळणाऱ्या खेळाडूस अष्टपैलू खेळाडू म्हणतात. व्यावसायिक संघांच्या लिलावात चढाईपटू, बचावपटू व अष्टपैलू असे खेळाडूंचे वर्ग पाडण्यात येतात. त्यांपैकी अष्टपैलू खेळाडूची, विशेषतः तो महाविद्यालयीन वयाचा असताना, पारख करणे अवघड असते. कारण त्याच्या कामाचा बराचसा भाग गुणपत्रकात उतरत नाही. या पारखीची तत्त्वे, निवडीचे मार्ग आणि नांदेड-लातूर भागातील महाविद्यालयीन खेळाडूंच्या संदर्भात त्यांचे महत्त्व यांचा येथे विचार केला आहे.

कार्य : पुरुषांच्या कबड्डीचे क्रीडांगण १३ मी. लांब व १० मी. रुंद असते. संघातील बारा खेळाडूंपैकी सात प्रत्यक्ष मैदानात उतरतात. एका चढाईस ३० सेकंदांची मुदत असते. मध्यरेषेपासून ३·७५ मी. अंतरावर निदान रेषा व तिच्यापलीकडे १ मी. अंतरावर बोनस रेषा असते. खेळाडू बाद होऊन संघ तिघांवर आला, की अष्टपैलू खेळाडूचे मोल कळते. नुसता चढाईपटू अशा वेळी बचावात दुबळा दुवा ठरतो, तर नुसता बचावपटू चढाई करून बाद झालेल्या साथीदारांना परत आणू शकत नाही. दोन्ही कामे जाणणारा एक खेळाडू अशा वेळी संघावरील लोण टाळू शकतो. तिघे किंवा त्याहून कमी खेळाडू असताना यशस्वी झालेल्या पकडीस (अव्वल पकड) व्यावसायिक स्पर्धेत एक जादा गुण मिळतो, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

अष्टपैलूंचे ढोबळमानाने दोन प्रकार आढळतात. पहिला, कोपरारक्षक वा मध्यरक्षक म्हणून खेळणारा, परंतु गरज पडताच चढाईस जाणारा. दुसरा, मुख्यतः चढाई करणारा, परंतु साखळीत वा मध्यरक्षकाच्या जागी खंबीरपणे उभा राहणारा. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई हा पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. डावा कोपरारक्षक म्हणून प्रसिद्धीस आलेल्या या खेळाडूस २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटण संघाने २·३५ कोटी रुपयांस घेतले. त्या हंगामात पुण्याने व पुढच्या हंगामात त्याच्या नव्या हरयाणा स्टीलर्स संघाने विजेतेपद मिळविले. महाराष्ट्राचा अस्लम इनामदार हा दुसऱ्या प्रकारात मोडतो. पुण्याच्या त्याच विजेत्या संघाचा तो कर्णधार होता आणि त्या हंगामातील सर्वांत मूल्यवान खेळाडू म्हणून त्याची निवड झाली.

शारीरिक कसोट्या : उंची, वजन, हातांचा पल्ला, पकडीचे बळ व दम यांची मोजमापे प्रथम घेतली जातात. राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत वरिष्ठ पुरुष गटास ८५ किग्रॅ. वजनाची मर्यादा असल्याने उंचीच्या मानाने वजन किती, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मोजमापे मात्र खेळाच्या गरजेनुसार निवडावी लागतात. एका संघाचे अंगण ६·५ मी. खोल असते, म्हणून १०० मी. धावण्याच्या वेळेपेक्षा पहिल्या दोन-तीन पावलांचा वेग, एकदम थांबण्याची व दिशा बदलण्याची क्षमता आणि पाय धरला गेल्यावरही मध्यरेषेकडे झेपावण्याची ताकद यांवरून अधिक बोध होतो. या कसोट्या चाचणीच्या आरंभी आणि पुन्हा खेळाडू थकल्यानंतर घेणे इष्ट असते. दोन्ही कामे करणाऱ्यास इतरांपेक्षा विश्रांती कमी मिळते व त्याच्या चुका उत्तरार्धात वाढतात.

सामन्यातील निरीक्षण : पकडीचा गुण सामान्यतः एकाच खेळाडूच्या नावे नोंदला जातो, पण घोटा धरणाऱ्याच्या मागोमाग मध्यरक्षकाने अवरोध केला नसता, तर चढाईपटू निसटला असता, असे वारंवार घडते. म्हणून दुसरा हात कोणाचा, हे परीक्षकाने स्वतंत्रपणे टिपावे. यशाबरोबर प्रयत्नही मोजले पाहिजेत. एका खेळाडूने बारा वेळा पकडीस जाऊन सहा पकडी साधल्या व दुसऱ्याने सात वेळा जाऊन पाच साधल्या, तर गुणपत्रकात पहिला सरस दिसतो. तथापि प्रत्येक फसलेल्या पकडीने प्रतिपक्षास एक गुण मिळाला असे धरल्यास पहिल्याची निव्वळ कमाई शून्य व दुसऱ्याची तीन गुणांची होते. चढाईबाबतही तसेच आहे. आघाडीवर असताना वेळ काढून सुखरूप परतणारा खेळाडू संघाच्या उपयोगी पडतो, जरी त्याच्या नावापुढे शून्य लागले तरी. याउलट, दोन निष्फळ चढायांनंतरच्या निर्णायक तिसऱ्या चढाईस तो स्वतःहून पुढे होतो की नजर चुकवितो, हे पाहण्यासारखे असते.

प्रतिपक्षाचा दर्जा विचारात घेतल्याशिवाय कोणताही आकडा अर्थपूर्ण होत नाही. दुबळ्या संघाविरुद्धच्या वीस गुणांपेक्षा बलवान संघाविरुद्धचे सहा गुण अधिक बोलके असू शकतात.

इतर खेळांतील दाखला : अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘टाइट एंड’ या जागेवरील खेळाडूस प्रतिपक्षास अंगाने रोखणे व चेंडू झेलणे अशी दोन कामे करावी लागतात. तेथील व्यावसायिक संघ १९३६ पासून महाविद्यालयीन खेळाडूंची क्रमवार निवड करीत आले आहेत; सामान्यतः आदल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघास पहिली संधी मिळते. निवडीपूर्वी खेळाडूंची मोजमापे व ४० यार्ड (सु. ३६·५ मी.) धावण्यासह विविध चाचण्या होतात. तरीही अंदाज चुकतात. जॉर्ज किटल हा २०१७ मध्ये पाचव्या फेरीपर्यंत शिल्लक राहिला व पुढे आघाडीचा खेळाडू ठरला. अँटोनिओ गेट्स महाविद्यालयात बास्केटबॉल खेळत असे. त्याची निवडच झाली नव्हती. २००३ मध्ये एका संघाने त्याला संधी दिली आणि २०२५ मध्ये त्याचा त्या खेळाच्या सन्मान-दालनात समावेश झाला. अन्य खेळात घडलेले शरीर व समज ओळखता आली पाहिजे, हा या दाखल्याचा बोध होय.

निवडीचे मार्ग : प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली, २०१७ पासून संघ बारा झाले. पहिल्या लिलावातील सर्वाधिक बोली १२·८० लाख रुपयांची (राकेश कुमार) होती. २०२३ मध्ये ती २·६०५ कोटींवर (पवन सेहरावत) गेली. त्याच लिलावात सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाची मूळ किंमत ९ लाख रुपये होती. २०२२ व २०२३ च्या लिलावांत खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतील दोन अंतिम संघांच्या २४ खेळाडूंना स्थान देण्यात आले. याखेरीज संघांच्या स्वतःच्या निवड चाचण्या, तरुणांसाठी २०२२ मध्ये सुरू झालेली युवा कबड्डी मालिका व राज्य संघटनेच्या आंतरजिल्हा स्पर्धा हेही मार्ग आहेत. मुलींना यांतील व्यावसायिक मार्ग फारसे खुले झालेले नाहीत. २०१६ मध्ये तीन महिला संघांची एक छोटी स्पर्धा लीगला जोडून घेण्यात आली होती.

नांदेड व लातूर : या जिल्ह्यांतील महाविद्यालये १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या (नांदेड) कक्षेत येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो व तो भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत उतरतो. खेलो इंडियाच्या स्पर्धेत मात्र देशातील आघाडीच्या आठच विद्यापीठांना प्रवेश असतो. त्यामुळे संघ विभागीय फेरीत हरला, की त्यातील एखादा गुणी खेळाडूही मोठ्या परीक्षकांच्या नजरेआड राहतो. येथे संघाचा पराभव हाच व्यक्तीचा निकाल ठरतो आणि पारखीतील हा सर्वांत मोठा दोष होय.

दुसरी अडचण मैदानाची. गावोगाव खेळ मातीवर व अनवाणी शिकला जातो, तर व्यावसायिक सामने मॅटवर व बूट घालून होतात. पायाची पकड, वळण्याचा वेग व झेपेचे अंतर सारेच बदलते. म्हणून मॅटवरील पहिल्याच चाचणीत अडखळणाऱ्या खेळाडूस लगेच बाद न ठरविता, काही दिवसांच्या सरावानंतर त्याने किती प्रगती केली, हे पाहणे न्याय्य ठरते. माळेगावच्या (ता. लोहा) खंडोबाच्या यात्रेतील कुस्तीच्या फडासारखी परंपरा या भागात आहे, आखाड्यात तयार झालेले मनगट व कंबर मध्यरक्षकास उपयोगी पडतात. तथापि कुस्तीत एकट्याने झुंजण्याची सवय असते, साखळीत दुसऱ्याच्या वेळेशी वेळ जुळविणे नव्याने शिकावे लागते.

निवडीचे परिणाम खेळाडूच्या आयुष्यावर दीर्घकाळ होतात. ‘लातूर पॅटर्न’मुळे परीक्षांतील यशासाठी ख्यात झालेल्या भागात मैदानावर घालविलेली वर्षे घरच्यांना वाया गेल्यासारखी वाटू शकतात. लिलावात नाव आले, तरी बोली लागेलच असे नाही, आणि गुडघ्याची एक दुखापत सारे थांबवू शकते. यास्तव प्रशिक्षकाने खेळाडूस पदवी पूर्ण करण्याचा व क्रीडा राखीव जागांवरील नोकऱ्यांचा विचार करण्याचा सल्ला द्यावा. परीक्षकाने एकाच सामन्यावर निर्णय न देता, किमान एक सामना बलवान संघाविरुद्धचा पाहावा आणि नाकारलेल्या खेळाडूस त्याची कारणे सांगावीत. उणीव कळलेला खेळाडू पुढील वर्षी ती भरून काढू शकतो; न कळलेला बहुधा खेळ सोडतो.