‘नो’मधला मुका ‘के’

भिवंडीत मागावरचा आवाज चिरत कोणी ओरडतं, ‘अरे नादान!’ शेजारचा मराठी माणूस म्हणतो, ‘जाऊ दे, अजाण पोर आहे.’ दोघांनी एकाच मुळाचे शब्द वापरले, हे दोघांच्याही गावी नसतं!

त्याच मुळाचं इंग्रजीतलं ‘नो’, म्हणजे जाणणे, लिहिताना पुढे एक ‘के’ लागतो. शाळेत तो पाठ करून घेतला, कारण कुणी सांगितलं नाही. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘क्नावन’ होतं आणि ‘क’ चक्क उच्चारला जायचा. सतराव्या-अठराव्या शतकात तो जिभेवरून गेला, कागदावर मात्र राहिला.

मूळ आणखी जुनं. संस्कृत ‘ज्ञा’, लॅटिन ‘ग्नोस्केरे’ आणि हे ‘क्नावन’ ही सख्खी भावंडं. ‘ज्ञा’कडून आपल्याला जाणणे, जाणीव, जाणता, अजाण मिळाले, हिंदी-उर्दूला ‘जानना’. फारसीत त्याच धातूचा ‘दान’ झाला, म्हणून दानिशमंद, म्हणजे शहाणा, आणि नादान. इंग्रजी ‘इग्नोरन्ट’ लॅटिनमार्गे आलेला. ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ (अज्ञेयवादी) हा शब्द जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली यांनी 1869मध्ये घडवला, ग्रीकमधल्या त्याच धातूवरून.

गंमत म्हणजे आपल्या ‘ज्ञ’चंही तसंच झालंय: लिहितो ज आणि ञ, मराठीत म्हणतो ‘द्न्य’, हिंदीत ‘ग्य’. तेव्हा इंग्रजी स्पेलिंगला हसण्याआधी ‘ज्ञानेश्वर’ एकदा मोठ्याने म्हणून बघा.